गरम झाली की बंद पडणारी गाडी

आमच्या खोलीत सकाळी सगळ्यात आधी जागी व्हायची ती ताईची छाती. चाळीतले नळ सुरू व्हायच्या आधी, आईच्या बांगड्या वाजायच्या आधी, अंधारात एक बारीक शिट्टी ऐकू यायची. कुकर शिट्टी देण्याआधी वाफ कशी सुसू करते, तशी. बाबा पडल्या पडल्या ऐकत असायचे. शिट्टी श्वास सोडताना वाजतेय की घेतानाही, हे त्यांना बरोबर कळायचं. सोडताना वाजली तर ते कूस बदलून झोपायचे. घेतानाही वाजली तर उठून बसायचे आणि म्हणायचे, "शुभा, आज कामावर जाऊ नको." ताई म्हणायची, "काही होत नाही हो बाबा," आणि जायची. माझगावला एका जहाजवाल्या कचेरीत ती टायपिंग करायची आणि तिथल्या मोठ्या खिडकीचं तिला कोण कौतुक होतं. समुद्र दिसत नाही पण त्याचा वारा येतो, असं सांगायची. पण बाबा म्हणाले होते तसंच संध्याकाळपर्यंत व्हायचं. ताई जिन्याच्या मधल्या वळणावर कठडा धरून उभी राहायची, खांदे वर ओढलेले, आणि दम्याच्या फवाऱ्याचा निळा डबा तोंडाशी.

बाबांचा कान ही आमच्या घरची इस्टेट होती म्हणा ना. दत्ता मेस्त्री म्हणजे कान, असं करी रोडपासून भोईवाड्यापर्यंतचे टॅक्सीवाले म्हणायचे. एका बंद गिरणीच्या भिंतीला टेकवून त्यांनी पत्र्याची शेड टाकली होती, तेच गॅरेज. गाडी आली की ते बॉनेट उघडायच्या आधी नुसते उभे राहायचे. मग लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवून मूठ कानाशी लावायचे, डोळे मिटायचे, आणि कार्ब्युरेटरचा स्क्रू केसभर फिरवायचे. केसभर परत. खोकणारं इंजिन हळूहळू शांत व्हायचं. मी शाळेतून येताना तिथे थांबायचे, मला ते बघायला आवडायचं. पेट्रोल आणि हवा यांचं प्रमाण, बाबा म्हणायचे, आमटीतल्या मिठासारखं असतं. चव घेऊन कळतं, मोजून नाही.

आई कणकवलीकडची. मुंबईत इतकी वर्षं काढूनही तिच्या बोलण्यातली मालवणी गेली नाही आणि घालवायची तिला गरजही वाटली नाही. पहाटे सगळ्यांचं आवरून ती दादरला एका पोळी-भाजी केंद्रात जायची आणि दुपार कलल्यावर परत यायची. येताना कधी बांगडे, कधी तिसऱ्या. रविवारी सोलकढी. ताईला आंबट चालायचं नाही म्हणून तिच्यापुरती कुळथाची पिठी वेगळी असायची, आणि ताई आमच्या ताटांकडे बघत ती मुकाट खायची. उन्हाळा आला की आमच्या घरात एक भीती यायची. मे महिन्यात अख्खी चाळ वर्षाचा मसाला करायची. गच्चीत मिरच्या वाळायच्या, गॅलरीत मोठ्या कढयांमध्ये भाजल्या जायच्या, मग लालबागला कांडपावर जायच्या. चांगल्या छातीच्या माणसालाही ठसका लागायचा. आई आमचा मसाला मुद्दाम डोंबिवलीला मावशीकडे करून आणायची. पण आपलीच खोली तेवढी बंद करता येते, चाळ बंद करता येत नाही. शेजारच्या बायका सांगून जायच्या, "शुभाच्या आई, आज भाजतोय हां, दार लावून घ्या." दार लावलं की खोलीत उकडायचं. उघडलं की धूर.

मी त्या वर्षी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकत होते. बाबांना ते आवडलं होतं, पण त्याचा आणि त्यांच्या कामाचा संबंध आहे हे त्यांना मान्य नव्हतं. नव्या गाड्या यायला लागल्या होत्या. त्यांना कार्ब्युरेटरच नव्हता. डॅशबोर्डच्या खाली एक चपटा अॅल्युमिनियमचा डबा, त्यातून निघणारी तारांची जाड वेणी, आणि इंजिनाचं सगळं त्या डब्याच्या हुकमावर. टॅक्सीवाले त्याला कंप्युटर म्हणायचे, आम्ही कॉलेजात ईसीयू. बाबा पहिल्यांदा अशा गाडीचं बॉनेट उघडून उभे राहिले तेव्हा मी शेडमध्ये होते. त्यांनी सवयीने मूठ कानाला लावली. इंजिन इतकं एकसारखं चालत होतं की ऐकण्यासारखं काही नव्हतं. "हिला बोलताच येत नाही," ते म्हणाले. मी हसले. ते हसले नाहीत.

गिरगावातले एक निवृत्त वकील बाबांचे जुने गिऱ्हाईक होते. आम्ही त्यांना वकीलसाहेबच म्हणायचो. त्यांच्या मुलाने त्यांना अशी डब्याची गाडी घेऊन दिली होती आणि ती त्यांना छळत होती. चालता चालता मध्येच बंद पडायची. न खोकता, न धक्का देता, दिवा विझावा तशी. मग कितीही चावी मारा, उठायची नाही. थोडा वेळ गेला की आपोआप सुरू व्हायची, जसं काही झालंच नव्हतं. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये दोनदा नेली. त्यांनी यंत्र जोडून बघितलं आणि सांगितलं, काही दोष दिसत नाही. वकीलसाहेब गाडी घेऊन बाबांकडे आले. "दत्ताराम," ते म्हणाले, "त्यांच्याकडे यंत्र आहे, तुझ्याकडे कान आहे. बघ बाबा काय ते."

बाबांनी ती गाडी अंगावर घेतली. दुसरं काम बाजूला ठेवून ते तिच्यामागे लागले. एकदा शेडमध्येच, बराच वेळ चालू ठेवलेली असताना, ती त्यांच्या डोळ्यांदेखत बंद पडली. बाबांनी मला हाक मारली आणि चावीपाशी बसवून स्वतः मागच्या सीटशी वाकून कान लावला. तिथे खाली पेट्रोलच्या टाकीत एक विजेचा पंप असतो. बाबांनी मला चावी पूर्ण फिरवायला सांगितली. स्टार्टर घरघरला, पण टाकीतून काही आवाज नाही. बाबा सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. "पंप मेलाय गं! पेट्रोलच वर येत नाही, ती चालणार कशी?" कंपनीच्या यंत्राला न सापडलेलं त्यांच्या कानाला सापडलं होतं. त्यांनी नवा पंप बसवला. सकाळच्या गार वेळी ते गाडी सायनपर्यंत पळवून घेऊन आले. एकदाही बंद पडली नाही. त्या दिवशी ते घरी आले ते गाणं गुणगुणत. आईने विचारलं, "आज काय गावला?" ते म्हणाले, "अगं, तो डबाबिबा सगळा ठीक आहे, पण शेवटी ते इंजिनच."

हे सगळं मी आज लिहिते आहे तेव्हा माझ्या टेबलावर असेच तीन डबे उघडे पडले आहेत. पन्नाशी जवळ आली, चष्म्याशिवाय सोल्डरिंग करता येत नाही. गाड्या बदलल्या, डबे बदलले, त्यांची अक्कल वाढली. पण त्या वेळी जे घडलं ते कळायला लागणारं ज्ञान आजही तेवढंच लागतं. ते फार मोठं नव्हतं. आमच्या घरात ते वेळेवर आलं नाही, एवढंच.

मे महिन्यातली दुपार होती. ताई सकाळपासून घरी होती, कारण बाबांनी तिला खरोखरच थांबवलं होतं आणि या वेळी ती थांबली होती. आई दादरला गेलेली. खालच्या मजल्यावर मिरच्या भाजायला घेतल्या. आम्ही दार लावलं, दाराच्या फटीला ओली चादर लावली. तरी धूर आला. ताईने फवारा घेतला, परत घेतला. नेहमी तेवढ्याने भागायचं. त्या दिवशी फवारा घेऊनही तिचे खांदे खाली येईनात. तिला पूर्ण वाक्य बोलता येईना. "नीलू... बाबा..." एवढंच म्हणाली. मी धावत शेडवर गेले.

शेडबाहेर शिवरामकाका त्यांची टॅक्सी लावून बाबांशी बोलत उभे होते. काका आमच्याच मजल्यावरचे. त्यांची टॅक्सी जुनी, खडखडणारी, पण तिचा कार्ब्युरेटर वर्षानुवर्षं बाबांच्या हातचा. मी काय झालं ते सांगताच काका म्हणाले, "चल दत्ता, बस. मी सोडतो हॉस्पिटलात." त्यांनी दारही उघडलं. बाबांनी एकदा टॅक्सीकडे बघितलं, एकदा वकीलसाहेबांच्या गाडीकडे. ती धुऊन पुसून उभी होती, संध्याकाळी वकीलसाहेब न्यायला येणार होते. "ही घेतो शिवराम," बाबा म्हणाले. "हिला एसी आहे. काचा लावल्या की धूर लागणार नाही तिला. आणि ही जोरात जाईल." त्या क्षणी ते मलाही बरोबर वाटलं. कुणालाही वाटलं असतं.

बाबांनी ताईला खाली आणलं. ती मागे माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली. गाडीत गार होतं, आणि खरंच, काचा लावल्यावर धुराचा वास गेला. परळचं हॉस्पिटल तसं लांब नाही. पण आमची चाळ रुळांच्या पश्चिमेला, हॉस्पिटल पूर्वेला, आणि मध्ये करी रोडचा अरुंद पूल. पुलाच्या तोंडाशीच ट्रॅफिक अडकलं होतं. एक ट्रक, त्याच्यामागे हातगाडी, त्यामागे आम्ही. गाडी इंच इंच पुढे जात होती. बाहेर ऊन असं की रस्ता पांढरा दिसत होता. एसी जोरात चालू होता. बाबा आरशातून सारखे ताईकडे बघत होते. "आलंच, शुभा. हा पूल संपला की आलंच." ताई श्वास घेत होती आणि तो कुठे जातच नव्हता. तिच्या नखांचा रंग मला दिसत होता, मी बाबांना सांगितला नाही.

पुलाच्या बरोबर मध्यावर गाडी बंद पडली.

तिने कसलाही आवाज केला नाही. एसीचा वारा गार होता तो कोमट झाला, तेव्हा मला कळलं. बाबांनी चावी फिरवली. स्टार्टर घरघरला. परत फिरवली. ते उतरले, बॉनेट उघडलं, काहीतरी हलवलं, परत येऊन चावी मारली. मागून हॉर्न सुरू झाले. कोणीतरी ओरडलं, "ए मामा, साईडला घे ना!" साइडला घ्यायला जागा नव्हती. आता आमच्याच गाडीने अख्खा पूल अडवला होता, समोरची वाट मोकळी होत चालली होती आणि मागून काहीही येऊ शकत नव्हतं. बाबा मागच्या दारातून आत वाकले आणि सीटला कान लावला. मला म्हणाले, "चावी मार." मी पुढे वाकून मारली. त्यांनी कान काढला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी पुन्हा कुणाच्या चेहऱ्यावर बघितलं नाही. "पंप नवा आहे," ते म्हणाले. मला नाही, कुणालाच नाही. "पंप नवा आहे."

मग त्यांनी ताईला उचललं. ती काही लहान मूल नव्हती, चोवीस वर्षांची बाई होती. बाबांनी तिला छातीशी धरलं आणि लालबागच्या बाजूने पुलाच्या उतारावर पळायला लागले. मी फवारा आणि तिची पिशवी घेऊन मागे. माणसं बाजूला होत होती. उतार संपला तिथे एका टॅक्सीवाल्याने आतलं गिऱ्हाईक उतरवलं आणि आम्हाला घेतलं. हॉस्पिटलात तिला लगेच आत नेलं. आई दादरहून पोळीच्या पिठाच्या हातांनी तशीच आली. संध्याकाळ व्हायच्या आत एक तरुण डॉक्टर बाहेर आला. त्याने सांगायचं ते सांगितलं आणि जाता जाता म्हणाला, "थोडं आधी आणायला हवं होतं." वाईट हेतूने बोलला नाही तो. थकलेला होता.

त्यानंतरची एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. आम्ही हॉस्पिटलात होतो तेव्हा ट्रॅफिक हवालदाराने ती गाडी ढकलून कडेला घ्यायला माणसं जमवली. चावी गाडीलाच होती. त्याने सहज फिरवून बघितली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. शिवरामकाका तिथे पोचले होते, त्यांनी ती चालवत आणून शेडमध्ये लावली. आणि काका साधा माणूस, त्यांनी ते बाबांना सांगितलं. सांगायला नको होतं असं मला वाटायचं. आता वाटत नाही, कधीतरी कळलंच असतं. "पहिल्या फटक्यात?" बाबांनी विचारलं. काका म्हणाले, "हो रे." बाबांनी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी शेडचं दार उघडलं नाही.

आईला टॅक्सीचं कळलंच, ते लपणार कसं. ती बाबांना काही बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती वेळेवर वाढायची, कपडे धुवायची, पाणी तापवून ठेवायची, आणि त्यांच्याशी एक शब्द बोलायची नाही. काही सांगायचं असलं तर मला सांगायची, बाबा दोन हातांवर बसलेले असले तरी. "तेंका सांग, नळ जातलो आता." बाबा उठून आंघोळीला जायचे. दहा बाय पंधराच्या खोलीत तीन माणसं, आणि सकाळची ती शिट्टी नाही. त्या शांततेने मला जाग यायची.

वकीलसाहेब भेटायला आले तेव्हा दारातच उभे राहिले. गाडी नेतो म्हणाले नाहीत. "मला तिच्यात बसवणार नाही," एवढंच मला बाहेर गॅलरीत म्हणाले, "तुम्हाला तिचं काय करायचं ते करा." मला तिचं एकच करायचं होतं. ती का बंद पडली आणि का सुरू झाली, हे मला हवं होतं. त्याशिवाय मला झोप लागणार नव्हती, आणि मला वाटायचं की बाबांनाही. कॉलेजातल्या पेडणेकर सरांना मी सगळं सांगितलं. सर दोन रविवार माझ्याबरोबर शेडमध्ये आले.

त्यांनी मला तो डबा समजावला तो असा. डब्याला डोळे नाहीत, कान नाहीत. तो बंद खोलीत बसलेला आहे, आणि बाहेरून चार-पाच जण त्याला निरोप देतात. एक सांगतो पाणी किती तापलंय. एक सांगतो हवा किती आत येतेय. एक सांगतो पायाखालचं पॅडल किती दाबलंय. एक धुराच्या नळीत बसून सांगतो की पेट्रोल जास्त जळतंय की कमी. या निरोपांवरून डबा आपल्याकडच्या कोष्टकात बघतो आणि ठरवतो, आता किती पेट्रोल फवारायचं, ठिणगी नेमकी कधी टाकायची. सेकंदाच्या हजाराव्या भागाचा हिशेब. पण या सगळ्यांत एक निरोप्या असा आहे की तो गप्प झाला तर बाकीच्यांच्या बोलण्याला अर्थ उरत नाही. इंजिनाच्या पोटाशी एक दातेरी चक्र फिरतं आणि त्याच्यासमोर अंगठ्याएवढा एक तुकडा बसवलेला असतो. आत लोहचुंबक, त्याभोवती केसासारख्या तारेची गुंडाळी. एकेक दात समोरून गेला की तारेत वीज चमकते. चक्राला एका जागी दात ठेवलेला नसतो, त्या खंडावरून डब्याला कळतं की दट्ट्या, म्हणजे पिस्टन, कुठे आहे. हे निरोप थांबले, तर डबा समजतो की इंजिन थांबलंय. आणि थांबलेल्या इंजिनाला पेट्रोल देणं धोक्याचं, अपघातात आग लागेल. म्हणून तो ठिणगी बंद करतो. आणि पंपही बंद करतो.

"म्हणजे पंप मेला नव्हता," मी म्हणाले.

"पंपाला कोणी चालवतच नव्हतं," सर म्हणाले. "तुझ्या वडिलांनी ऐकलं ते खरंच होतं. पंप गप्पच होता. का गप्प होता, ते ऐकू येण्यासारखं नव्हतं."

त्या तुकड्याच्या आतली तार एका ठिकाणी तुटली होती. गार असताना दोन टोकं एकमेकांना टेकून राहायची आणि सगळं ठीक चालायचं. इंजिन फार तापलं, गाडी उभ्या उभ्या उन्हात अडकली, वर एसीचा भार आला, की आतलं सगळं फुगायचं आणि टोकं सुटायची. थंड झालं की परत टेकायची. पळत्या गाडीला वारा लागतो, म्हणून सायनच्या फेरीत काही झालं नाही. आणि डब्याने कुठला दोष नोंदवला नव्हता, कारण त्याच्या लेखी दोष घडलाच नव्हता. इंजिन थांबलं होतं, बस.

एका दुपारी मी तो तुकडा काढून घरी आणला. आई नुकतीच कामावरून आली होती आणि ओट्याशी चहा टाकत होती. बाबा खिडकीशी बसले होते, तसे ते रोजच बसायचे. मी आईकडून पातेल्यात उकळतं पाणी मागून घेतलं, तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यात सोडला, आणि त्याच्या तारा मीटरला जोडल्या. मीटरवर आकडा होता. बाबा बघत होते. थोडा वेळ काही झालं नाही. मग आकडा थरथरला आणि गेला. कडेला नुसता एकचा आकडा उरला, म्हणजे आत तार सुटली, वीज आरपार जात नाही. मी पिशवी काढून गार पाण्यात धरली. आकडा परत आला. मी बाबांना सगळं सांगितलं, सरांनी मला सांगितलं तसंच. चक्र, दात, डबा, पंप. मी हे का सांगत होते, ते तेव्हाही मला माहीत होतं. मला त्यांना मोकळं करायचं होतं. "बाबा, हे कुणाच्याही कानाला कळलं नसतं. कंपनीच्या यंत्रालाही कळलं नाही."

बाबांनी तो तुकडा हातात घेतला, उलटसुलट केला.

बोलली ती आई. चहाचा गॅस बंद करून ती आमच्याकडे वळली होती. तिने मला विचारलं, "त्या डब्याक म्हायत होता काय, आत माझा चेडू आसा म्हणान?"

"नाही गं आई. आत ताई आहे हे त्याला कसं कळणार? त्याला फक्त इंजिन फिरतंय की नाही, एवढंच कळतं."

"म्हणजे तेका कायच म्हायत नव्हता." मग ती बाबांकडे बघून म्हणाली, "ह्येंका म्हायत होता."

मी जे सुटका म्हणून आणलं होतं ते तिने असं फिरवून त्यांच्यासमोर ठेवलं होतं, आणि त्यात चूक काढायला जागा नव्हती. बाबांनी मान खाली घातली. "खरं आहे," ते म्हणाले.

आई पुढे आली आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली, माझ्यामार्फत नाही. "शिवरामभावजींनी दार उघडून धरलेला. कित्याक नाय बसलात?"

हा प्रश्न बाबांना कोणीच विचारला नव्हता. भेटायला येणारे सगळे म्हणायचे, तुझा काय दोष. "ती गाडी मी दुरुस्त केली होती," बाबा म्हणाले. "मला वाटलं, शुभाला चांगल्या गाडीतून न्यावं. शिवरामची टॅक्सी हादरते. तिला त्रास झाला असता. आणि... मला खात्री होती गं. खात्री होती."

मला वाटलं, आई आता उठेल. ती म्हणाली, "मी असतंय तर मीय त्याच गाडयेत बसलंय असतंय. तुमच्या हातावर माझोय विश्वास होतो." तिच्या आवाजात माया नव्हती. खरं आहे म्हणून ती बोलत होती. पण ती तिथून उठली नाही, आणि बाबांनी मान वर केली.

बाबा परत गॅरेजात गेले नाहीत हे इथेच सांगून टाकते. पुढे ते माझगावला एका इमारतीत वॉचमन होते, मरेपर्यंत. शेड मी चालवली. आई आणि ते त्यानंतर बोलायचे, कामापुरतं, कधी कामाहून थोडं जास्त. सगळं पूर्वीसारखं झालं असं कोणी समजू नये, तसं होत नाही. पण त्या दुपारी ते दोघं दिवेलागणीपर्यंत जमिनीवर बसून होते, आणि आई एकेक विचारत गेली. गाडीत शुभा काय बोलली, पाणी मागितलं का, कोणत्या बाजूला बसली होती. मला माहीत होतं ते मी सांगत होते. पुलाच्या उतारावर मी मागे पडले होते, तेवढं मला माहीत नव्हतं. ते बाबांनी सांगितलं.

"बोलली ती," बाबा म्हणाले. "मी पळत होतो तेव्हा. कानाशीच तोंड होतं तिचं. म्हणाली, बाबा, दमलात तुम्ही. खाली ठेवा मला."

आईने विचारलं, "मगे?"

"नाही ठेवली."